हाताचा मान

२ मार्च

नव्या अध्यक्षांच्या शपथविधीची आज पहिली बैठक झाली आणि पहिल्याच बैठकीत मी माती खाल्ली. ऑफिसात ते कुणाला कळलेलं नाही. उलट जाता जाता साहेब मला "छान, बाई" म्हणाले. साहेब म्हणजे आमचे राजशिष्टाचार सचिव. त्यांचा सदरा, त्यांचा चेहरा आणि त्यांची वाक्यं, सगळंच कडक असतं, म्हणून समारंभ शाखेत आम्ही त्यांना इस्त्री म्हणतो. इस्त्रीने कुणाला छान म्हटलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं.

विषय होता कात्री लावण्याचा. जुना समारंभ फार लांबतो, लोक चॅनेल बदलतात, नव्या अध्यक्षांना साधेपणा आवडतो. तेव्हा बिगूल गेले, घोडे गेले, सनदेचं वाचन निम्म्यावर आलं. मी आपली पेन्सिलीने रेघा मारत होते. मग आला हाताचा मान.

हे नीट लिहून ठेवते, कारण उद्या मलाच वाटायला लागेल की ती काही एवढी मोठी गोष्ट नव्हती. मावळते अध्यक्ष खुर्चीतून उठून गेले की नवे अध्यक्ष शपथ घेऊन तिच्यापर्यंत येईस्तोवर ती खुर्ची रिकामी राहू नये, असा जुना रिवाज आहे. तेवढा वेळ एक माणूस खुर्चीच्या हातावर आपला उघडा उजवा हात ठेवून उभा राहतो. नवे अध्यक्ष समोर आले की तो म्हणतो, "राखलं." ते म्हणतात, "घेतलं." मग तो हात उचलतो आणि ते बसतात. बस्स, एवढंच. ज्या सुताराने ती खुर्ची घडवली त्याच्या घराण्याकडे हा मान आहे. ते घराणं म्हणजे माझं सासर, आणि तो हात म्हणजे माझे सासरे.

टीव्हीची दिग्दर्शिका म्हणाली, "तो माणूस मधे का उभा आहे? मला रिकाम्या खुर्चीचा शॉट हवाय. वरून दिवा, बाकी सगळा अंधार. तोच तर क्षण आहे."

सगळे माझ्याकडे न बघण्याची फार काळजी घेत होते. शाखेत माझ्यामागे काय बोलतात ते मला माहीत आहे, "बाईंच्या घरचा हात आहे ना, म्हणून बाई तिथे आहेत." संचालकपद रिकामं आहे आणि त्यासाठी माझं नाव पुढे गेलंय, हेही सगळ्यांना माहीत आहे. साहेब तोंड उघडणार, इतक्यात मीच बोलले.

"काढून टाकू या. कायद्याने पद एक क्षणही रिकामं नसतं. मग राखायचं काय?"

मला कुणी विचारलं नव्हतं. साहेब कदाचित राहू द्या म्हणणार असतील. ते आता कधीच कळणार नाही.

३ मार्च

बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, सांगितलं नाही. सकाळी ते अंड्याचं टरफल सोलत होते आणि इतक्या तन्मयतेने सोलत होते की मधे बोलवेना. संध्याकाळी सांगेन म्हटलं. संध्याकाळी माझं डोकं दुखत होतं.

७ मार्च

आज नणंदबाई जेवायला आल्या होत्या. बाबांचा गणवेश शिंप्याकडून आला, गडद निळा कोट आणि पितळी बटणं. मागच्या शपथविधीपेक्षा पोट वाढलंय म्हणून शिंप्याने बाजूची शिवण सैल करून दिली. बाबांचं म्हणणं की पोट तेवढंच आहे, कापड आटलंय.

बाबांच्या अंगात आज नुसता उत्साह होता. कुणी खुर्चीतून उठलं की हे धावत जाऊन तिच्या हातावर हात ठेवायचे आणि तो माणूस परत आला की गंभीर चेहऱ्याने "राखलं!" "घेतलं" म्हटल्याशिवाय हात उचलत नव्हते. नणंदबाई भाजी आणायला उठल्या आणि हातात गरम भांडं घेऊन उभ्या राहिल्या. "बाबा, हात काढा, चटका बसतोय!" "आधी घेतलं म्हण." हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच आठवलं की मला हसायचा अधिकार नाही, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

जेवणानंतर त्यांनी ठेवणीतला तो फोटो काढला. मागच्या शपथविधीचा, वर्तमानपत्रातला. त्यात मावळत्या अध्यक्षांची पाठ आहे, नव्यांचा चेहरा आहे, खुर्ची आहे आणि कडेला मनगटापर्यंत कापलेला एक हात. "हा मी," बाबा म्हणतात. हा विनोद आम्ही इतक्या वेळा ऐकलाय की आता त्यांच्याआधी आम्हीच म्हणतो. पण हात मात्र खरोखर बघण्यासारखा आहे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली त्यांनी. दुकान बंद केलं तरी गल्लीतली घड्याळं अजून घरी येतात. चिमट्यात केसाएवढा स्क्रू धरला तर तो हलत नाही, हे ते येईल त्याला करून दाखवतात. आज नणंदबाईंना पुन्हा दाखवलं.

"या वयात असा हात ठेवून दाखव म्हणावं कुणाला," ते मला म्हणाले. "तुझ्या त्या इस्त्रीला सांग."

मी म्हटलं, "सांगते बाबा."

९ मार्च

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तूच काढलंस?" मी म्हटलं, निघणारच होतं. तो म्हणाला, "निघणारच होतं की तू काढलंस?" बँकेत बसून बसून याला आडवे प्रश्न विचारायची सवय लागली आहे.

"तू सांग ना त्यांना. तुझे वडील आहेत," मी म्हटलं.

"माझे वडील आहेत, पण काम तुझं आहे. मी नाही मधे पडणार."

खरं तर बाबांनंतर हा मान त्याच्याकडे यायचा, आणि तो कधीपासून म्हणतोय की माझ्या गळ्यात नको ते लोढणं. म्हणजे त्याला सुटल्यासारखंच वाटलं असणार. तरी तोंड फिरवून झोपला. मला मात्र वाटलं की निदान एकाला तरी सांगून झालं.

१२ मार्च

बाबा आज सभागृहात जाऊन आले. तिथल्या गालिच्यांचं सगळं ज्यांच्याकडे आहे ते काका त्यांचे जुने दोस्त. दर थोड्या दिवसांनी बाबा त्यांच्याकडे चहाला जातात आणि जाता जाता खुर्ची बघून येतात. मला तिथेच धडकी भरली. पण ते आले ते शांतच होते. चालून दमले असावेत.

"कशी आहे खुर्ची?" मी विचारलं.

"आहे जागेवर. पॉलिश केलंय. तिच्यावर दिवे टाकून बघत होते."

"दिवे लावून बघतातच आधी."

"हो. छान दिसत होती. एकटीच."

मग जेवताना एकदम म्हणाले, "नोकरीत आपल्या हातात फार काही नसतं. वरून सांगितलं ते करावं लागतं. माणसाने मनाला लावून घेऊ नये." नवऱ्याची बँकेत काहीतरी कुरकुर चालली आहे, त्याला समजावत असणार. पण बघत माझ्याकडे होते.

मी सगळा धीर गोळा केला आणि म्हटलं, "बाबा, मला तुमच्याशी एक बोलायचंय."

"आत्ता नको. सूप गार होतंय," ते म्हणाले. सूप संपल्यावर त्यांनीच विचारलं, "त्या दिवशी मला कुठे बसायचंय?"

आता सांगावं की नाही? तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते हे, "बाजूच्या खोलीत बसा. वेळ झाली की बोलावतील."

"बोलावतील ना? मग झालं तर."

इतकं साधं खोटं. मी तयारीसुद्धा केली नव्हती. जिभेवर बसलेलंच होतं जणू.

१३ मार्च

बाबांनी सराव बंद केलाय. मी विचारलं तर म्हणाले, एवढं काय त्यात, हात ठेवायचा आणि उचलायचा. मग विचारलं, "तुझ्या बढतीचं कधी कळणार?" मी म्हटलं, समारंभ पार पडला की. "मग नीट पार पडू दे," म्हणाले. नणंदबाईंना फोन करून सांगत होते की मुलांना टीव्हीपुढे बसवायची काही गरज नाही, अभ्यास करू दे त्यांना. गेल्या रविवारी तर सगळी गल्ली बोलवायची भाषा होती. म्हातारपणी माणसं अशी क्षणात बदलतात.

१६ मार्च

आज रंगीत तालीम होती. नव्या अध्यक्षांना मी प्रथमच जवळून बघितलं. पूर्वी त्या प्राध्यापक होत्या. बोलतात हळू आणि समोरच्याचं उत्तर पूर्ण ऐकून घेतात. आमच्या ऑफिसात ही सवय कुणालाच नाही, त्यामुळे सगळेच गडबडले.

तालीम छान झाली. मावळते अध्यक्ष म्हणून आमचाच एक कारकून उठून गेला, दिवे गेले, एकच दिवा खुर्चीवर राहिला. अध्यक्षांनी शपथेचा मसुदा वाचला, चालत खुर्चीपाशी आल्या आणि थांबल्या.

"इथे एक गृहस्थ असायचे ना? हात ठेवून? मी लहान असताना पाहिलंय. मला तेव्हा सगळ्यात तेच आवडलं होतं. काढलं का ते?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. दिग्दर्शिकेने घड्याळाकडे पाहिलं.

आज देवाने माझ्यासमोर ताट वाढून ठेवलं होतं. एवढंच म्हणायचं होतं, "परत घेऊ या, मॅडम." दिग्दर्शिका चिडली असती, साहेबांचा चेहरा आणखी ताठला असता, आणि कुणीतरी मागून म्हणालं असतं की बघा, शेवटी घरचाच हात आणला. एवढंच झालं असतं.

मी म्हणाले, "त्यांची तब्येत ठीक नसते, मॅडम. वय झालंय. त्यांना त्रास नको म्हणून..."

"कोण आहेत ते?"

"माझे सासरे."

त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "म्हणजे हे सगळं सांभाळून घरी त्यांचंही बघता? कठीण असतं हो." आणि त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. तो हात अजून तिथेच आहे असं वाटतंय. आंघोळ केली तरी जात नाही.

घरी आले तर ज्यांची तब्येत ठीक नसते ते स्टुलावर चढून दिवा बदलत होते.

२० मार्च

शपथविधी झाला. सगळं लिहीन. नाही लिहिलं तर मला माफ करायला मीच उरेन, आणि मी स्वतःला फार पटकन माफ करते.

सकाळी बाबा माझ्याबरोबर गाडीतून आले. निळा कोट, बूट असे चमकत होते की ड्रायव्हरसुद्धा बोलला. मी त्यांना बाजूच्या खोलीत बसवलं. तिथे एक लांब बाक, एक टेबल आणि रद्द झालेल्या बिगूलवाल्यांच्या रिकाम्या पेट्या होत्या. चहा आणि बिस्किटं ठेवायला सांगितली. "काही लागलं तर सांगा," मी म्हटलं. ते म्हणाले, "तू जा गं. तुझ्यामागे काम आहे." दार लावताना पाहिलं तर पाठ न टेकता ताठ बसले होते. टेकलं तर कोटाला चुण्या पडतात.

सभागृहात सगळं मनासारखं झालं. मावळते अध्यक्ष उठून गेले. दिवे गेले. खुर्चीवर तो एक प्रकाश आला आणि सगळं सभागृह गप्प झालं. दिग्दर्शिकेचं बरोबर होतं, दृश्य सुंदर होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. नव्या अध्यक्षा शपथ घेऊन आल्या. खुर्चीपाशी त्यांचं पाऊल थोडं अडखळलं, नजर खुर्चीच्या हाताकडे गेली. मग बसल्या. टाळ्या झाल्या. साहेबांनी दुरून माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे संचालकपद माझं.

मी धावत बाजूच्या खोलीकडे निघाले. आता सांगायचंच असं ठरवलं होतं. पायावर डोकं ठेवायचं, काय वाटेल ते होवो. पण अर्ध्या वाटेत मागून अध्यक्षा आल्या, बरोबर साहेब आणि सुरक्षावाले. गालिचेवाल्या काकांनी त्यांना सांगितलं होतं की म्हातारबुवा इथेच आहेत.

"ते आलेत आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?" त्या म्हणाल्या. रागाने नव्हे. मला वाटलं, आता पृथ्वी पोटात घेईल तर बरं.

दार उघडलं. बाबा उभे राहिले, कधी नव्हे इतके ताठ. चहा तसाच गार झालेला होता.

अध्यक्षा म्हणाल्या, "नमस्कार. सूनबाईंनी सांगितलं, तुमची तब्येत बरी नसते. तरी आलात?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी कुठे बघत होते ते मला आठवत नाही.

"हो, बाईसाहेब," बाबा म्हणाले, "हात थरथरतो हल्ली." आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता. आधी थोडा, मग चांगलाच, पितळी बटणावर आपटून आवाज व्हावा इतका. "असला हात कुठे खुर्चीवर ठेवायचा? सगळ्यांना दिसलं असतं. मीच सुनेला म्हटलं, मला नको उभं करू. तिचं काही चालू दिलं नाही मी. फक्त म्हटलं, कोट घालून शेजारच्या खोलीत तरी बसू दे."

अध्यक्षांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. साहेबांनीसुद्धा खाली पाहिलं. "आमचे डॉक्टर पाठवते मी," त्या म्हणाल्या, "नाही म्हणायचं नाही."

गाडीत त्यांचे हात मांडीवर होते, दोन्ही स्वस्थ.

घरी येऊन मी त्यांना म्हटलं, "बाबा, ते मी काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. मीच."

ते कोटाची बटणं सोडत होते. "मला माहीत आहे. काकांनी सांगितलं मागेच. हे बटण जरा सैल झालंय, टाका घालशील का?"

"मग तुम्ही आलात कशाला?"

"तू म्हणालीस ना, बोलावतील. म्हटलं, बघू."

२१ मार्च

नणंदबाई सकाळीच आल्या आणि माझ्यावर बरसल्या. "बाबांचा हात थरथरतो आणि आम्हाला कळवलं नाहीस?" कुठून कळलं म्हणाल तर साहेबांनी वार्ताहरांना सांगितलं. वर्तमानपत्रात आलंय, शिष्टाचार विभागाने वृद्ध मानकऱ्याची प्रकृती लक्षात घेऊन हळुवारपणे निर्णय घेतला वगैरे. मी हळुवार. बाबा नणंदबाईंना म्हणाले, "तिला नको बोलू. मीच लपवलं होतं." आणि पेला उचलताना पाणी सांडलं. माझ्याकडे न बघता.

१ एप्रिल

सरकारी डॉक्टर येऊन गेले. बाबांचे दोन्ही हात पुढे करायला लावले, नाकाला बोट लावायला लावलं, कागदावर गोल काढायला लावला. बाबांनी असा काही गोल काढला की डॉक्टर गंभीर झाले. गोळ्या दिल्या. महिन्याने परत बघतो म्हणाले.

ते गेल्यावर मी म्हटलं, "गोळ्या फेकून द्या, बाबा. मी साहेबांना सगळं खरं सांगते."

"सांग," ते म्हणाले. "कधी सांगतेस?"

"उद्या."

त्यांनी मान हलवली आणि गोळी पाण्याबरोबर घेतली. "तोवर घेतो," म्हणाले.

२ एप्रिल

साहेब दिवसभर बैठकीत होते.

५ एप्रिल

संचालकपदाचा आदेश आला. शाखेत पेढ्यांऐवजी केक कापला. अशा दिवशी सांगणं बरं दिसलं नसतं. शाखेतल्या त्याच बायका, ज्या माझ्यामागे बोलायच्या, त्या म्हणाल्या, "तुम्ही सासऱ्यांचं किती करता, बाई." मी म्हटलं, "छे हो, मी कसलं."

खोटं बोलल्यावर निदान मन तरी खायचं. हे मात्र खरं बोलले, आणि त्यांना तो विनय वाटला.

११ एप्रिल

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं, ते परत नेलं. बाबांनीच दारातून सांगितलं, आता होत नाही हो, स्क्रू निसटतो. काकू हळहळल्या. त्या गेल्यावर बाबांनी चिमटे, भिंग, ते लहान लहान पेचकस फडक्यात बांधले आणि कपाटात वर ठेवून दिले. मी म्हटलं, "निदान घरात तरी..." ते म्हणाले, "गल्लीत एकाला दुरुस्त करून दिलं की साऱ्या गावाला कळतं. तुझं अजून कायम व्हायचंय ना त्या पदावर?"

म्हणजे माझ्या खोट्याचा पहारा आता ते करताहेत. चहा मी ओतते. बटणं मी लावते. जेवताना ते सगळ्यांसमोर सांडतात आणि मी पुसते. नवरा माझ्याकडे बघतो आणि काही बोलत नाही. त्याने एकदा तोंड उघडून मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ एप्रिल

आज साहेबांच्या दारापर्यंत गेले. आत कुणीतरी होतं.

२२ एप्रिल

आज लवकर घरी आले. बाबा आतल्या खोलीत खिडकीशी उभे होते, पाठमोरे. घरात दुसरं कुणी नव्हतं आणि मी आल्याचं त्यांना कळलं नव्हतं. त्यांचा उजवा हात खिडकीच्या चौकटीवर होता आणि थरथरत होता.

मी दारातच थांबले. बघायला कुणीही नव्हतं, नणंदबाई नव्हत्या, गल्ली नव्हती, मीसुद्धा नव्हते. तरी थरथरत होता. गोळ्या रोज वेळेवर घेतात, तरीही.

आता जे झालं ते लिहिते, कारण ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. मला हायसं वाटलं. छातीवरचा दगड उतरला. म्हणजे आधीपासूनच असणार, मला वाटलं. म्हणजे तब्येत खरंच ठीक नव्हती. म्हणजे मी अध्यक्षांना खोटं बोललेच नव्हते, आणि साहेबांना सांगायचं असं काही उरलंच नाही. एवढं सगळं मला दारात उभ्या उभ्या सुचलं, आणि मी चक्क हसले असेन, कारण गालांना ते जाणवलं.

त्या हसण्याचीच मला भीती वाटली. मी पुढे जाऊन म्हटलं, "बाबा?"

ते दचकून वळले. "अगं, तू? कधी आलीस?"

"हात..."

"हा होय? सराव करतोय. डॉक्टर यायचेत ना पुढच्या आठवड्यात. सवय मोडली तर पकडला जाईन." आणि हसले, त्या फोटोचा विनोद सांगताना हसतात तसे.

मी त्यांचा हात माझ्या हातात घेतला. म्हटलं, "बस झाला सराव. थांबवा आता. मी आहे फक्त."

"हो, हो, थांबवतो," ते म्हणाले.

मी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. थांबत नव्हता.